खून घटले, खुनाच्या मालिका वाढल्या

१९९२ साली देशात खुनाचे सुमारे ४० हजार गुन्हे नोंदले गेले. लोकसंख्येशी प्रमाण काढलं तर लाखामागे ४.६. २०२२ साली हा आकडा २८,५२२ होता, म्हणजे लाखामागे २.१. मधल्या तीस वर्षांत देशाची लोकसंख्या पन्नास कोटींनी वाढली, तरी खून संख्येनेही कमी झाले आणि प्रमाण तर निम्म्याहून खाली आलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातले हे आकडे आहेत. चहाच्या टपरीवर सांगून पाहिले तर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही.

कारण त्याच काळात खून पाहणं मात्र अफाट वाढलं. 'ऑरमॅक्स'च्या २०२४ च्या पाहणीनुसार भारतात महिन्यातून एकदा तरी ओटीटीवर किंवा इंटरनेटवर व्हिडिओ पाहणारे ५४.७ कोटी लोक आहेत. त्यांच्यापुढे येणाऱ्या मालात खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिका ठळक जागी असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्लीतल्या बुरारीच्या ११ मृत्यूंवरची मालिका आली. एकट्या २०२२ मध्ये 'इंडियन प्रिडेटर' या नावाखाली चार मालिका आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये केरळच्या कूडथायीतले सहा मृत्यू आणि सायनाइड, फेब्रुवारी २०२४ मध्ये शीना बोरा प्रकरण, ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या परभणी जिल्ह्यातलं मानवत. मानवतची मालिका नाट्यरूप आहे, माहितीपट नाही, पण घडलेल्या गुन्ह्याचीच आहे आणि पाहणाऱ्याची ओढ तीच आहे.

नाशिकच्या गंगापूर रोडवर जेहान सर्कलपासून सोमेश्वरपर्यंत ज्या सोसायट्या आहेत, तिथल्या कुठल्याही घरात रात्री जेवणानंतर डोकावलं तर या यादीतलं काहीतरी चालू असण्याची शक्यता मोठी. शांत रस्ता, झाडं, सकाळी फिरायला जाणारी माणसं, पलीकडे गोदावरी. अशा ठिकाणी लोक खून का पाहतात, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला आहे, आणि त्याचं उत्तर 'विकृती' या एका शब्दात मला सापडलेलं नाही.

आधी नाशिकपुरता हिशोब मांडू. २०२२ मध्ये महाराष्ट्रात खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले. उत्तर प्रदेश आणि बिहारनंतर आपला तिसरा क्रमांक, म्हणून बातमी होते. पण लोकसंख्येच्या मानाने हे लाखामागे साधारण १.८ पडतं, देशाच्या सरासरीपेक्षा कमी. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४.८६ लाख होती. एवढ्या शहराला राज्याची सरासरी लावली तर वर्षाला सत्तावीसच्या आसपास खून येतात. हा सरासरीचा हिशोब आहे, शहराची प्रत्यक्ष नोंद नव्हे, पण अंदाज यायला पुरेसा आहे. त्याच वर्षी राज्यात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसं गेली, खुनांच्या साडेसहा पटींहून अधिक. आत्महत्या केलेल्यांची संख्या २२,७४६, जवळपास दहा पट. ज्याच्यापासून आपल्याला खरा धोका आहे तेच माणूस रात्री पाहत बसत असता, तर सर्वांत लोकप्रिय मालिका हेल्मेटवर निघाली असती.

म्हणजे ओढ धोक्याच्या आकाराची नाही, धोक्याच्या स्वरूपाची आहे. अपघातात हेतू नसतो. खुनात माणसाने माणसाला ठरवून मारलेलं असतं, आणि ते त्याने का आणि कसं ठरवलं हे कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

ही ओढ ओटीटीने आणलेली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि एका पिढीने त्या भाड्याने आणून, दप्तरात लपवून वाचल्या. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला 'पोलीस टाइम्स' दोरीला टांगलेला असायचा आणि गाडी सुटेपर्यंत चार जण उभ्याउभ्या तो चाळून घ्यायचे. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा माणसं मारली गेली. मारणारे कला महाविद्यालयातले विद्यार्थी होते. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, आणि तीन वर्षांत त्यावरचा 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट पडद्यावर आला. त्या काळात पुण्यात लहान असलेली माणसं अजूनही सांगतात, संध्याकाळ झाली की दारं बंद व्हायची. तीच माणसं आज हे प्रकरण यूट्यूबवर पुन्हा पाहतात.

संशोधक याला भयाविषयीचं कुतूहल म्हणतात. गंगापूर रोडवाल्यांना त्यासाठी संशोधन लागू नये. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हा काही माणसं जखमी झाली, त्यात पत्रकारही होते. बिबट्या आला म्हटल्यावर शहाण्याने आत जाऊन कडी लावायची. लोक गच्चीवर गेले, रस्त्यावर आले, मोबाइल उंच धरून उभे राहिले. धोका कुठून येतो, कसा उडी घेतो, हे डोळ्यांनी पाहून ठेवण्याची माणसाची गरज फार जुनी आहे, आणि मालिका ती गरज सोफ्यावर बसल्याबसल्या भागवतात.

पण पाहतं कोण? इथे आकडे खरे बोलके आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने पाहिलं की सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या ४५१ पॉडकास्टपैकी २४ टक्के खऱ्या गुन्ह्यांवरचे होते, इतर कुठल्याही विषयापेक्षा जास्त. पॉडकास्ट ऐकणाऱ्या बायकांपैकी ४४ टक्के हा प्रकार नियमित ऐकतात, पुरुषांपैकी २३ टक्के. २०१० मध्ये अमांडा विकरी आणि ख्रिस फ्रेली या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी पुस्तकांवरचे वाचकांचे अभिप्राय मोजले होते. खऱ्या गुन्ह्यांच्या पुस्तकांवरचे सुमारे ७० टक्के अभिप्राय बायकांचे निघाले. युद्धावरच्या पुस्तकांवर ८२ टक्के पुरुषांचे.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. खुनाला बळी पडणारे बहुतांश पुरुष असतात. भारतात २०२२ मध्ये बळींपैकी सुमारे ७० टक्के पुरुष होते, स्त्रिया ८,१२५. जगात २०२१ मध्ये तर पुरुषांचं प्रमाण ८१ टक्के होतं. मरतात पुरुष आणि पाहतात बायका. वरवर पाहता हे कोडं आहे, पण संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने त्याच २०२१ सालासाठी आणखी एक गोष्ट मोजली: मारेकरी कोण होता. खून झालेल्या स्त्रिया आणि मुलींपैकी सुमारे ५६ टक्के जणींना जोडीदाराने किंवा घरच्याच कुणी मारलं होतं. पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण ११ टक्के.

पुरुषाला मारणारा बहुतेक वेळा बाहेरचा असतो, बाईला मारणारा निम्म्याहून जास्त वेळा घरातला. ज्याच्या पानात वाढलं, ज्याच्याशी रोज बोललं, त्याचा संशय कसा घ्यायचा हे बाईला कुठलीच शाळा शिकवत नाही. खऱ्या गुन्ह्यांच्या मालिका नेमकं तेच दाखवतात: नवरा, सासर, प्रियकर, दीर, ओळखीचा माणूस. एरवी बातमीच्या चार ओळींत उरकलं जाणारं प्रकरण तिथे तीन-चार भाग उलगडत जातं. आधी काय बोलला होता, पैसे कसे मागत होता, माहेरच्यांशी बोलणं कसं तोडत गेला. आपल्याकडे २०२२ मध्ये नवरा किंवा सासरच्यांकडून छळाचे १,४०,०१९ गुन्हे नोंदले गेले. स्त्रियांविरुद्धच्या एकूण ४,४५,२५६ गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा हाच, ३१.४ टक्के. ही नोंद झालेलीच प्रकरणं. तेव्हा घरातला धोका ओळखायला शिकण्याची बायकांची इच्छा मला तरी अगदी शहाणपणाची वाटते.

आमच्या शेजारी एक काकू आहेत, एकट्या राहतात. त्या मालिका पाहताना मध्येच थांबवतात. 'हिने त्याच रात्री आईला फोन का नाही केला?' 'दागिने त्याच्याकडे ठेवायला दिले, तेव्हाच कळायला हवं होतं.' रक्त दाखवायला लागले की त्या तो भाग पुढे सरकवतात. त्यांच्याकडे गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला की त्या साखळी न काढता दार किलकिलं करतात आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणतात, 'अहो, सुटे पैसे आणता का?' आत कुणीही नसतं. मग त्या स्वतःच पैसे आणतात, आणि तेवढ्या वेळात मुद्दाम कपाटाचं दार जरा जोरात लावतात. हे त्या एका मालिकेतून शिकल्या. विकरी आणि फ्रेली यांनी प्रयोगात लोकांना पुस्तकं निवडायला सांगितली, तेव्हा असंच दिसलं होतं: पीडितेने सुटकेसाठी काय युक्ती केली हे ज्या पुस्तकात आहे, त्याकडे बायकांचा कल पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त होता.

इथवर मी या मालिकांच्या बाजूने आहे. त्यापुढे मात्र आकडे मला थांबवतात. ज्या गुन्ह्यांवर मालिका निघतात आणि जे गुन्हे घडतात, त्यांचा मेळ बसत नाही.

२०२२ मधल्या २८,५२२ खुनांमागची कारणं पाहा. ९,९६२ वादातून झाले. म्हणजे जमिनीचा बांध, पैशाची देवाणघेवाण, पाणी, घरगुती भांडण. ३,७६१ वैमनस्यातून, १,८८४ लाभासाठी. नुसत्या वादाचा वाटा ३५ टक्के. बांधावरून भावाने भावाच्या डोक्यात फावडं घातलं, त्यात रहस्य नाही, उलगडायला काही नाही, मारेकरी बहुधा तासाभरात सापडतो. म्हणून त्यावर मालिका निघत नाही. निघते ती चौदा वर्षं कुणाला पत्ता न लागू देता घरातल्या सहा जणांच्या मृत्यूचा आरोप झालेल्या बाईवर, किंवा अकरा माणसं एका रात्रीत गेलेल्या घरावर. ज्या गोष्टी लाखो प्रकरणांत एखाद्यात घडतात, त्याच आपल्याला रोज रात्री दिसतात, आणि डोकं त्यांनाच सरासरी समजायला लागतं. जॉर्ज गर्बनर या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून टीव्हीवरची हिंसा मोजली आणि सांगितलं की खूप टीव्ही पाहणाऱ्या माणसाला जग असतं त्याहून दुष्ट वाटायला लागतं. तीस वर्षांत खुनाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं यावर आपला विश्वास बसत नाही, त्यामागे हेही एक कारण असणार.

दरम्यान, एकट्या राहणाऱ्या, परदेशात मुलं असलेल्या गंगापूर रोडवरच्या ज्येष्ठांच्या दारात खरोखर जे येऊन उभं आहे ते मोबाइलवर येतं. 'सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेरा बंद करू नका.' सायबर फसवणुकीत २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. संसदेत सरकारने दिलेली ही माहिती. एका वर्षात तिप्पट. काकूंना अशा वेळी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा हे माहीत आहे, पण ते मालिकेतून नाही, बँकेतल्या भिंतीवरच्या कागदावरून.

आता नाशिकचं प्रकरण. या शहराशी जोडलेल्या गुन्ह्यांत देशभर सर्वांत जास्त पुन्हा पुन्हा सांगितलं गेलेलं, आणि मला वाटतं सर्वांत चुकीच्या बाजूने पाहिलं गेलेलं.

१९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांनी १३ लहान मुलं पळवल्याचा आरोप होता. गर्दीच्या जागी, देवळांत, बस स्टँडवर त्या पाकिटं आणि दागिने मारत. कडेवर मूल असलं की कुणाला संशय येत नाही, आणि पकडलं गेलं तर मूल पुढे करून लोकांची दया मिळवता येते. ज्या मुलांचा उपयोग संपला किंवा जी रडायला लागली, त्यांतल्या काहींना त्यांनी मारून टाकलं. प्रकरण फुटलं ते नाशिकमुळे. अंजनाबाईला सोडलेला नवरा इथे दुसरा संसार करून राहत होता. त्याच्या दुसऱ्या बायकोपासूनची लहान मुलगी नाहीशी झाली होती. त्या आईचा संशय या मायलेकींवर होता आणि तिने पाठपुरावा सोडला नाही. १९९६ च्या अखेरीस त्या नाशिकमध्ये पकडल्या गेल्या, आणि मग घरात सापडलेल्या लहान मुलांच्या कपड्यांवरून बाकीचं बाहेर आलं. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात मेली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २००४ मध्ये पाच खुनांचा दोष कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी शिक्षा कायम केली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. त्यानंतर १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण गुन्ह्याविषयीची शंका नव्हे; दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारी यंत्रणेने लावलेली जवळपास आठ वर्षं.

या प्रकरणावर २०१९ मध्ये 'पोशम पा' हा हिंदी चित्रपट ओटीटीवर आला. यूट्यूबवर तर त्याच्या कहाण्या असंख्य आहेत. बहुतेकांचा भर एका प्रश्नावर: बाई असून, आई असून, एवढं क्रूर कसं होता येतं? ओढ लावणारा प्रश्न आहे, मान्य. पण अटकेपासून जन्मठेपेपर्यंतच्या पंचवीस वर्षांत मला त्याहून मोठा वाटणारा प्रश्न दुसराच आहे. सहा वर्षं, इतक्या गावांतून, एकामागून एक मुलं जात होती, तरी ही साखळी कुणाच्या लक्षात कशी आली नाही?

त्याचं उत्तर एखाद्या माणसाच्या मनात नाही, पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत आहे. ती मुलं बहुतेक गरिबांची होती. फुटपाथवर, देवळाच्या पायरीवर झोपणाऱ्यांची. मूल हरवलं म्हणून गेलेल्या अशा आईबापांची तक्रार त्या काळी बहुधा 'हरवले' या सदरात एक ओळ होऊन पडायची. गुन्हा दाखल होईलच असं नव्हतं, आणि एका जिल्ह्यातली ओळ दुसऱ्या जिल्ह्यात कुणी वाचत नव्हतं. सहा वर्षांनी साखळी तुटली ती घरातल्याच भांडणातून, एका आईच्या हट्टाने, कारण यावेळी संशयिताचं नाव आणि चेहरा तिला माहीत होता. ज्यांना नाव सांगता आलं नाही, त्या आईबापांवर कुणी भाग काढलेला नाही.

मालिका हा प्रश्न विचारूच शकत नाहीत असं मात्र नाही. 'इंडियन प्रिडेटर'मधली तिसरी मालिका, ऑक्टोबर २०२२ मधली, 'वळू' आणि 'विहीर' हे चित्रपट करणाऱ्या उमेश कुलकर्णींनी केली आहे. विषय नागपूरचा: १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबा नगरच्या जमावाने वस्तीतला गुंड अक्कू यादव याला जिल्हा न्यायालयातच मारलं, त्याची गोष्ट. वस्तीतल्या बायका वर्षानुवर्षं त्याचे अत्याचार सोसत होत्या आणि तक्रार घेऊन गेल्या तर दखल घेतली जात नव्हती. पुढे २०१४ मध्ये या खुनातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. कॅमेरा त्या बायकांसमोर बसून राहतो, त्यांना बोलू देतो, आणि पाहणाऱ्याचं लक्ष अक्कूच्या डोक्यावरून पोलीस ठाण्याच्या दाराकडे वळतं. नाशिकच्या प्रकरणाला अशी मालिका मिळायला हवी होती.

उलट टोक शीना बोरा मालिकेचं. २०१२ मधली घटना, पेण तालुक्यात सापडलेला मृतदेह, २०१५ मध्ये अटक, आणि खटला चालू असतानाच २०२४ मध्ये चार भाग, त्यात मुख्य आरोपी स्वतः कॅमेऱ्यापुढे. सीबीआयने ती रोखायला उच्च न्यायालय गाठलं. न्यायमूर्तींनी मालिका आधी पाहिली आणि खटल्याला धक्का लागेल असं तीत काही नाही म्हणून परवानगी दिली. कायद्याने ते योग्यच असेल. पण निकाल लागायच्या आधी कोट्यवधी घरांत मत तयार होतं, आणि साक्षीदारही त्याच घरांत राहतात, याची मला काळजी वाटते. खुनाच्या निम्म्याहून कमी खटल्यांत शिक्षा होते अशा देशात तर जास्तच.

नाशिकच्या त्या मुलांसाठी उशिरा का होईना, जे झालं ते पडद्यावर नाही, न्यायालयात झालं. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलं असं धरून पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे. २०२२ मध्ये देशात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद झाली, त्यात ६२,९४६ मुली. त्याच वर्षी आधीची धरून ८० हजारांहून अधिक मुलं परत सापडली. १९९० मध्ये एखाद्या देवळाच्या पायरीवरून मूल नाहीसं झालेल्या बापाच्या हातात हा आदेश नव्हता. आज कुणाला ठाण्यात 'एक दिवस वाट बघा, येईल परत' असं सांगितलं गेलं, तर त्याने तो आदेश दाखवून तिथेच गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय निघायचं नाही.